गरम पाण्याचा बंब, धुराचा पाइप आणि छताचे भोक

आपल्या कारागीर बंधूंपैकी कोणी सूत रंगवितो, कोणी कांजी शिजवितो, कोणाची लाँड्री आहे तर कोणाचे हॉटेल. या सर्वांना गरम पाणी लागते आणि गरम पाण्यासाठी बंब किंवा भट्टीवरची टाकी लागते. टाकी घेताना आपण पत्र्याची जाडी विचारतो, ती किती लिटरची ते विचारतो, दिवसाला लाकूड किती खाईल याचा हिशेब करतो. परंतु तिचा धुराचा पाइप छतातून वर जाईल तेथे काय करावयाचे, हा प्रश्न एखाद्या गिऱ्हाइकाने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गवंडी छन्नी-हातोडा घेऊन येतो, भोक पाडतो, पाइप वर जातो आणि पाइपाभोवती जी चार बोटांची फट उरते ती हाताला येईल त्या वस्तूने बुजविली जाते. चिंध्या, गोणपाट, पुठ्ठा, आणि वरून सिमेंटचा एक हात. काम झाले असे समजून आपण मजुरी देऊन मोकळे होतो.

आमचा धंदा कापडाचा. गवंडीकाम किंवा पत्रेकाम हा आमचा विषय नव्हे. परंतु या चार बोटांच्या जागेने आम्हाला जो धडा दिला, त्यामुळे हा विषय आम्हाला उस्तादांजवळ बसून शिकावा लागला. जे शिकलो ते येथे देत आहोत.

आमची रंगाई खालच्या मजल्यावर आणि तिच्या डोक्यावर मालाचा माळा अशी जुनी रचना होती. बांधकाम वडिलांच्या वेळचे, मधली तक्तपोशी सागवानी फळ्यांची. सुताच्या लडी रंगविण्यासाठी लाकडावर चालणारी टाकी होती. ज्यांना रंगाचे काम ठाऊक आहे ते जाणतात की कोल्ड ब्रँडचा रंग कोमट पाण्यात लागतो, पण हॉट ब्रँडला ८० अंशांपर्यंत पाणी तापवावे लागते. म्हणून आमची भट्टी पहाटेपासून रात्रीपर्यंत पेटलेली असे. तिचा सहा इंची पाइप तक्तपोशीतून, माळ्यातून आणि मग पत्र्यातून बाहेर जात होता. फळी व पाइप यांमधील फट गोणपाट कोंबून वरून सिमेंटने बुजविलेली होती. पाइपाभोवती फळीवर एक तपकिरी कडे उमटले होते. ते दर वर्षी थोडे रुंद व थोडे काळे होत असे. आणि दर वर्षी रमजान ईदच्या रंगकामात आम्ही त्यावर ऑइलपेंटचा हात फिरवून ते झाकून टाकीत होतो.

जानेवारी २००९ मधील एका रात्री, भट्टी विझवून काही तास उलटल्यावर, तीच फळी धुमसताना सापडली. फजरच्या नमाजला निघालेल्या एका शेजाऱ्याला वास आला व त्याने दार ठोठावले. ज्वाळा जवळपास नव्हत्याच. फळी आतल्या आत कोळशासारखी लाल होती व तिला टेकलेल्या गाठी धुमसत होत्या. सात गाठी जळाल्या. बाकीचा माल जळाला नाही, पण धुराच्या वासाने व विझविण्याच्या पाण्याने तो मालाच्या भावाने विकण्याजोगा राहिला नाही. तयार रंगीत साडीला एकदा धुराचा वास बसला की तो काढण्यासाठी ती धुवावी लागते आणि धुतली की तिचे फिनिश जाते, म्हणजे ती नवी राहत नाही. हे नुकसान आम्ही तीन वर्षांत भरून काढले. परंतु थंडीच्या दिवसांत आमच्याकडील दोन कारागीर त्या पाइपाच्या उबेला माळ्यावरच झोपत असत. त्या आठवड्यात ते लग्नासाठी गावी गेले होते. यापेक्षा अधिक आम्ही त्याविषयी काही लिहीत नाही.

भट्टी विझल्यावर आग कशी लागली, असे पुष्कळांनी आम्हाला विचारले. त्याचे उत्तर असे की ती रात्री लागलीच नव्हती, ती कित्येक वर्षे लागत होती. ताजे लाकूड पेटण्यास साधारण अडीचशे अंशांच्या वर उष्णता लागते. पण तेच लाकूड वर्षानुवर्षे शेकत राहिले तर त्यातील ओलावा व इतर द्रव्ये निघून जातात, ते कोळशाकडे झुकते आणि मग पुष्कळच कमी उष्णतेवर पेट घेऊ शकते. आमचे तपकिरी कडे म्हणजे नेमके हेच होते. त्यात लाकडावरच्या भट्टीचा एकेरी पत्र्याचा पाइप दोनशे अंशांच्या पुढे सहज जातो. आतल्या काजळीने पेट घेतला तर उष्णता हजार अंशांच्या घरात पोहोचते. गोणपाटाने उष्णता कोंडून ठेवली, बाहेर जाऊ दिली नाही. आणि आपल्या धंद्यात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे रुईचा उडता कचरा. खालच्या मजल्यावरची गरम हवा फटीतून वर ओढली जाते, तिच्याबरोबर सुताचे तंतू येतात व फटीत अडकून बसतात. आम्ही जळालेली फळी काढली तेव्हा तिच्या न जळालेल्या बाजूला बोटभर जाडीचा तंतूंचा थर होता, चहाच्या रंगाचा, हाताने चुरगळला की भुकटी होणारा. चकमकीवर ठेवण्याचा कापूस यापेक्षा वेगळा नसतो.

पाइपाचे काम काय?

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. उर्दूत धुराड्याला ‘दूदकश’ म्हणतात. दूद म्हणजे धूर आणि कश म्हणजे ओढणारा. मराठीतील धुराडे हा शब्द फक्त धुराची जागा सांगतो, दूदकश हा शब्द कामच सांगून टाकतो. पाइप धूर ढकलीत नाही, ओढतो. आतली हवा गरम म्हणून हलकी, बाहेरची थंड म्हणून जड. हलकी हवा वर चढते व तिच्या जागी भट्टीच्या तोंडातून नवी हवा येते. पाइप जितका उंच व जितका गरम, तितकी ओढ जास्त. पाइप थंड पडला, वाकड्यातिकड्या वळणांचा झाला, काजळीने अर्धा भरला किंवा खोलीत नवी हवा येण्याला वाटच उरली नाही, तर ओढ थांबते आणि धूर उलटून खोलीत येतो.

म्हणून छताच्या भोकाशी दोन वेगवेगळी कामे असतात व आपण त्यांची गल्लत करतो. पाइपाच्या बाहेरची फट अशी बंद करावयाची की तिच्यातून आग, धूर व पावसाचे पाणी जाऊ नये. आणि पाइपाच्या आतली वाट अशी मोकळी ठेवावयाची की तिच्यातून सर्व धूर जावा. पहिले काम करताना दुसरे बिघडविणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

एका मोहल्ल्यातील मशिदीत हिवाळ्यात वुजूसाठी लाकडाचा बंब पेटवीत. बंबाच्या खोलीत थंडी येते म्हणून एका वर्षी तेथील मंडळींनी छताची फट तर बुजविलीच, पण खिडकी व वरचे रोशनदानही पत्रे ठोकून बंद केले. हेतू चांगला होता. चौथ्या की पाचव्या दिवशी बंब पेटविणारा मुलगा तेथे बसल्या जागी कलंडला. आधी दोन दिवस तो डोके दुखते, मळमळते म्हणून सांगत होता व लोक त्याला पित्त झाले असे म्हणत होते. वेळीच बाहेर काढल्यामुळे तो वाचला, अल्हम्दुलिल्लाह.

त्या मुलाला जे झाले त्याचे कारण कार्बन मोनॉक्साइड. लाकूड, कोळसा, गॅस, काहीही अपुऱ्या हवेत जळले की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. आपल्या रक्तातील जो पदार्थ ऑक्सिजन वाहून नेतो त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग छाती हवेने भरते पण शरीर उपाशी राहते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, झोप येणे ही त्याची लक्षणे आहेत आणि एकाच खोलीतील दोघा-तिघांना ती एकदम होत असतील तर पित्ताचे औषध शोधत बसू नये, सर्वांना उघड्यावर न्यावे व दवाखान्यात ऑक्सिजन लावून घ्यावा. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण सव्वा ते दीड तास. तोंडाला ओला रुमाल बांधल्याने हा वायू गाळला जात नाही, हेही लक्षात ठेवावे. त्याचा इशारा देणारी बॅटरीवरची छोटी यंत्रे आता बाजारात मिळतात. जेथे कारागीर झोपतात तेथे असे एक यंत्र लावावेच.

धूर मजले कसे चढतो याचे दुःखद उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) छावणी भागात एका इमारतीत खालच्या शिलाईच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण मरण पावले. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचलीही नव्हती, मृत्यू गुदमरून झाले, असे त्या वेळी पोलिसांनी सांगितले होते. तेथील आगीचा धुराच्या पाइपाशी काही संबंध नव्हता. पण खाली दुकान, वर घर ही रचना आपल्या समाजात घरोघरी आहे आणि धुराला वर जाण्यासाठी जिना पुरेसा असताना आपण त्याला छतात आणखी भोके करून देतो.

दोन पाइप ओळखा

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना. पुष्कळ टाक्यांवर दोन पाइप असतात. एक धुराचा. दुसरा बारीक पाइप टाकीच्या पाण्याच्या भागातून निघून वर उघडा सोडलेला असतो, त्याला आमच्याकडे हवेचा पाइप म्हणतात. पाणी थंडाचे उकळते होईपर्यंत शंभराला चार भाग फुगते आणि त्याची वाफ झाली तर सोळाशे पटींच्या आसपास जागा मागते. ती जागा देणारा हा पाइप आहे. छतातून जाताना याच्या भोवतीची फट खुशाल बुजवावी, पण याचे तोंड कधीही बंद करू नये, त्यावर कॉक बसवू नये. वरून पाणी ठिबकते म्हणून कोणी त्याला लाकडी खुंटी ठोकली तर त्याने टाकीचा बॉम्ब केला असे समजावे.

काय वापरू नये

चिंध्या, गोणपाट, पुठ्ठा, भुसा यांविषयी अधिक बोलण्याची गरज नाही. डांबर हा आपल्या लोकांचा आवडता इलाज आहे. पावसाळ्यात गळू लागले की डांबर ओतले. ते गरम पाइपाशी मऊ होऊन खाली ओघळते व पेटतेही. हल्ली डब्यातून फवारून फुगणारा पिवळा फोम मिळतो. तो दिसतो छान, फट काठोकाठ भरतो, पण साधा फोम जळतो व त्याचा धूर विषारी असतो. धुराच्या पाइपाजवळ तो नको. एपॉक्सीची लांबी उष्णतेने सुटते. प्लास्टर ऑफ पॅरिस तापून-तापून भुसभुशीत होते. पारदर्शक साधे सिलिकॉन फार तर दीडशे-दोनशे अंशांचे असते. इंजिनच्या कामात वापरतात ते लाल सिलिकॉन अडीचशे ते तीनशे अंश सोसते. ते गच्चीवरच्या कॉलरला चालेल, भट्टीच्या जवळ नाही.

जुने मिस्त्री ॲस्बेस्टॉसची दोरी वापरीत. ती उष्णतेला पक्की होती, पण तिचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग करतात. कोणी जुना साठा स्वस्तात देत असेल तरी घेऊ नये. तेच काम सिरॅमिकची दोरी करते.

राहिले सिमेंट. सिमेंट जळत नाही, मग पाइपाला थेट सिमेंटने का जखडू नये? आम्हीही हाच प्रश्न पत्रेकामाच्या उस्तादांना विचारला होता. त्यांनी उत्तर न देता विझलेल्या पाइपावर गच्चीवर खडूने रेघ मारली व भट्टी पेटवायला सांगितले. तासाभराने रेघ वर सरकली होती. लोखंड तापले की वाढते. दहा फुटांचा पाइप दीडशे अंशांनी तापला तर पाच मिलिमीटरच्या आसपास लांब होतो आणि रात्री पुन्हा आखडतो. रोज असे वरखाली होणाऱ्या वस्तूला सिमेंटने धरले तर पहिल्याच महिन्यात केसाएवढी चीर पडते, दुसऱ्या पावसाळ्यात त्यातून पाणी येते, पाणी पाइपाला गंज चढविते आणि गंजलेला पाइप नेमका छताच्या जाडीत, जेथे कोणाला दिसत नाही, तेथेच फुटतो. ‘सेठ, याला धरू नका, याला बाही शिवा,’ असे ते म्हणाले. कापडवाल्याला समजेल अशा भाषेत सांगितले म्हणून ते आमच्या लक्षात राहिले.

स्लॅबमधील बाही

बाही म्हणजे मोठ्या मापाच्या पाइपाचा तुकडा, मिस्त्री त्याला स्लीव्ह म्हणतात. धुराचा पाइप ६ इंची असेल तर बाही १० इंची घ्यावी, म्हणजे चोहोबाजूंनी २ इंच जागा मिळते. स्लॅब ५ इंचांचा असेल तर बाही ११-१२ इंच लांब असावी. तिचे खालचे टोक छताच्या बरोबरीत व वरचे टोक गच्चीच्या वर सहा इंच. हे सहा इंच फार महत्त्वाचे आहेत. गच्चीवर पाणी तुंबले तरी भोकात उतरत नाही.

भोक पाडण्यापूर्वी बीम कोठे आहे ते पाहावे आणि सळया कापू नयेत. सळई आडवी आली तर भोक सरकवावे, सळई नव्हे. पाइपाला एखादे वळण आले तरी चालते, छत कमजोर झालेले चालत नाही. बाहीच्या बाहेरची जागा काँक्रीटने पक्की भरावी, त्यात वॉटरप्रूफिंगचे औषध घालावे आणि गच्चीवर बाहीभोवती उतरती गोलाई करून घ्यावी. बाही तापत नाही, म्हणून तिला सिमेंटने जखडले तरी हरकत नाही.

आता बाहीच्या आतून धुराचा पाइप न्यावा, अगदी मध्यभागी. त्याचे वजन छतावर टाकू नये. खाली भिंतीला ब्रॅकेट मारून त्यावर पेलावे. दोघांमधील दोन इंचांच्या जागेत रॉकवूल किंवा सिरॅमिक ब्लँकेट भरावे. ठासून नव्हे, गादी भरतो तसे भरावे, कारण त्यातील कोंडलेली हवाच उष्णता अडविते. भिजलेले रॉकवूल निरुपयोगी असते, तेव्हा काम कोरड्या दिवशी करावे. हातमोजे व तोंडाला कापड बांधूनच हे काम करावे, तंतू टोचतात.

खालच्या बाजूला पत्र्याची थाळी लावावी. ती दोन अर्ध्या चंद्रांची करावी म्हणजे पाइप न काढता बसविता येते. थाळी स्क्रूने छताला बसते, पाइपाला नव्हे. तिचे भोक पाइपापेक्षा थोडे मोठे ठेवून त्या बारीक फटीत सिरॅमिक दोरी दाबावी. असे केले की पाइप वरखाली सरकतो आणि धूर व रुईचा कचरा आत शिरत नाही. वर गच्चीवर पाइपाला पत्र्याची छत्री क्लँपने आवळावी, तिची झालर बाहीच्या बाहेर दोन इंच यावी आणि बाहीच्या काठापासून इंचभर वर राहावी. छत्री व पाइप यांच्या सांध्यात लाल सिलिकॉन. छत्री पाइपाबरोबर हलते, बाही जागच्या जागी राहते, पाऊस बाहेर पडतो.

पाइप छताच्या वर किती न्यावा, याविषयी अमेरिकेतील चिमणीचा एक नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. छतातून निघाल्यावर कमीत कमी ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जी काही भिंत, पाण्याची टाकी वा कठडा असेल त्याच्यापेक्षा २ फूट उंच. शेजाऱ्याची खिडकी त्या टप्प्यात येत असेल तर आणखी उंच न्यावा.

लाकडाच्या भट्टीच्या पाइपाचे तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्याच्या आत बसवावा. पाहणाऱ्याला हे उलटे वाटते. पण आत जमणारे डांबरट पाणी त्यामुळे आतल्या आत खाली उतरते, सांध्यातून बाहेर ओघळत नाही. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. भट्टीला लागून जी.आय. पाइप लावू नये, तेथे काळा एम.एस. पाइप हवा. जी.आय. वरील जस्त फार तापले की उडते व त्याच्या वाफेने ताप भरतो.

पत्र्याचे छत व लाकडी छत

साध्या पत्र्याच्या छताचे काम सोपे आहे, पाइपाभोवती पत्र्याची पाटी अशी बसवावी की तिचा वरचा काठ छताच्या पत्र्याखाली व खालचा काठ पत्र्यावर येईल. पाणी जसे वाहते तसे. मात्र खालची वाशी-पट्टी लाकडी असेल तर ती पाइपापासून दूर सरकवावी. छत सिमेंटच्या ॲस्बेस्टॉस पत्र्याचे असेल तर त्याला भोक पाडूच नये. ड्रिलची धूळ फुप्फुसाला घातक असते आणि तो पत्रा फार तापला की आवाज करून फुटतो. तेवढा एक पत्रा काढून त्या जागी लोखंडी पत्रा टाकावा व भोक त्यात पाडावे.

लाकडी तक्तपोशीविषयी आमचे मत स्पष्ट आहे. तिच्यातून लाकडाच्या भट्टीचा एकेरी पाइप नेऊच नये. अमेरिकेतील नियमांत अशा पाइपाने लाकडापासून १८ इंच दूर राहावे असे आहे आणि छतातून तो नेण्यास मनाईच आहे. गॅसच्या हीटरच्या एकेरी पाइपासाठी तेथे ६ इंच व दुहेरी भिंतीच्या तयार पाइपासाठी १ इंच असे अंतर मागतात. आपल्या जुन्या घरांत १८ इंच चोहोबाजूंनी सोडावयाचे म्हणजे तक्तपोशीला तीन-साडेतीन फुटांचे खिंडार पाडावे लागेल. म्हणून आम्ही पाइप विटांच्या भिंतीतून बाहेर काढला व बाहेरूनच वर नेला. बाहेर पाइप थंड पडतो म्हणून ओढ थोडी कमी झाली. त्यासाठी बाहेरच्या भागाला रॉकवूल गुंडाळून वर पत्रा चढविला आणि उंची चार फुटांनी वाढविली. खाली वळणाच्या जागी एक टोपण ठेवले आहे, तेथून महिन्याला काजळी काढतो. माळ्यावर आता कोणी झोपत नाही.

घरातील गॅस गीझरविषयी दोन शब्द. भिंतीवरचा जो छोटा गीझर पाइपाशिवाय येतो तो न्हाणीघरातील हवा खातो व जळलेला वायू तेथेच सोडतो. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा, आत फक्त गरम पाण्याचा नळ न्यावा. एक किलो गॅस जळण्यास सुमारे पंधरा किलो हवा लागते, यावरून बंद खोलीत काय होते ते समजावे. पाइपाचा गीझर असेल तर त्याच्या पाइपात दुसरीच अडचण येते. एक किलो गॅस जळून दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने निघते, म्हणजे घरगुती सिलिंडरमागे वीस लिटरहून जास्त. पाइप लांब व थंड असला तर ते पाणी आतच साचते व छताच्या भोकातून ठिबकते. लोक समजतात पाऊस गळतो, आणि वरून आणखी सिमेंट लावतात. उन्हाळ्यातही ठिबकत असेल तर ते पावसाचे नव्हे. आडव्या पाइपाला दर फुटाला पाव इंच चढ द्यावा.

ज्याचे छत, त्याची जमीन

आपले बहुतेक कारखाने भाड्याच्या किंवा पागडीच्या जागेत आहेत. मालक म्हणतो भट्टी तुमची, भाडेकरू म्हणतो छत तुमचे, आणि फट तशीच राहते. पण आपले छत ही वरच्या माणसाची जमीन असते व तेथे त्याची मुले झोपतात. मदिनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाल्याची हकीकत बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. त्यावर हुजूर (सल्ल.) यांनी आग ही तुमची शत्रू आहे, झोपण्यापूर्वी ती विझवीत जा, अशी ताकीद दिली. आपण भट्टी विझवितो, पण फळीतील आग विझविलेली नसते. खर्चाचा वाद चालू असला तरी काम आधी करून घ्यावे व पावती जपून ठेवावी.

विम्याच्या शरई बाजूवर उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. ज्यांनी बँकेच्या कर्जापोटी विमा घेतलेला आहे त्यांनी एवढे पाहावे की फॉर्ममध्ये भट्टी लिहिलेली आहे की नाही. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही एकसारख्या अटींची पॉलिसी आहे. माळ्यावरचा माल व खालची भट्टी एकाच इमारतीत असल्याचे तिच्या फॉर्ममध्ये लपवू नये. दावा करताना ते उघड होतेच.

आपल्या जागेची तपासणी करण्यास मिस्त्री लागत नाही. भट्टी दोन तास चालल्यावर पाइपालगतच्या छतावर किंवा फळीवर तळहात ठेवावा. दहा मोजेपर्यंत ठेवता आला नाही तर जागा कमी आहे. मग भट्टीच्या तोंडाशी पेटलेली उदबत्ती धरावी, तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे. सर्व दारे-खिडक्या लावून पुन्हा धरावी. धूर डगमगला किंवा बाहेर आला तर खोलीला हवेची वाट कमी आहे, भिंतीत खाली एक जाळी बसवावी. रात्री भट्टी विझलेली असताना माळ्यावरून टॉर्च पाइपाभोवती फिरवावा व खालच्या माणसाला उजेड दिसतो का ते विचारावे. जेथून उजेड जातो तेथून धूरही जातो. फळीवर तपकिरी कडे असेल तर ते रंगवू नये.

हे काम पाऊस संपल्यावर व थंडीची भट्टी जोरात सुरू होण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावे. तेव्हा पत्रेवालेही मोकळे असतात. बाहीभोवतीचे काँक्रीट सात दिवस पाण्याने भिजवावे, रॉकवूल त्यानंतरच भरावे. पहिल्या दिवशी एक तास मंद आच, दुसऱ्या दिवशी दोन तास, आणि तिसऱ्या दिवसापासून नेहमीची भट्टी. पहिले दोन दिवस छत्रीखालून थोडी वाफ निघते, ती ओलाव्याची असते.